ई-पुस्तकातली खूण नेमकी कुठे बसते?

अक्षर मोठं केलं की २०० पानांचं ई-पुस्तक क्षणात ३५० पानांचं होतं. मग ‘पान ८७’ या खुणेला अर्थ काय उरणार? म्हणूनच २००७ साली आलेल्या किंडलने पानांऐवजी ‘लोकेशन’ दिलं. छापील प्रतीशी जुळणारे पान क्रमांक २०११ मध्ये आले, तेही ठरावीक पुस्तकांनाच. ॲडोबीने वेगळीच वाट धरली: ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारातल्या दाबून लहान केलेल्या डेटाचे दर १०२४ बाइट म्हणजे एक पान! हिशेब चोख, पण वाचणाऱ्याला त्याचं काय?

मला सगळ्यात आवडते ती ईपबची सीएफआय पद्धत. ती घराच्या पत्त्यासारखी चालते: अमुक प्रकरण, त्यातला अमुक परिच्छेद, त्यातलं इतक्यावं अक्षर. फॉन्ट बदला, फोनवरून टॅबवर जा, पत्ता तोच. (मराठीत गंमत अशी की ‘कि’ इथे दोन मोजला जातो, क वेगळा आणि वेलांटी वेगळी.) सुधारित आवृत्तीत वर एखादा परिच्छेद घुसला, तर मात्र पत्ता चुकू शकतो. त्यासाठी परिच्छेदाचा आयडीही पत्त्यात लिहायची सोय आहे. तेव्हा ईपब बनवणाऱ्यांनो, परिच्छेदांना आयडी द्यायचा कंटाळा करू नका!