साखर फक्त उपाशीपोटीच मोजायची?

मुरबाड किंवा शहापूरच्या सरकारी रुग्णालयात मधुमेहाच्या तपासणीला येणारा रुग्ण बहुधा सकाळची पहिली एसटी पकडून, चहाही न घेता येतो. आदल्या रात्री भातही बेतानेच खाल्लेला असतो. साखर १२० भरते आणि गडी निर्धास्त घरी जातो. गेल्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी मात्र ९ टक्क्यांवर निघते. बहुतेकांसाठी ती ७ च्या आत हवी. दोन्ही आकडे खरे असतात. एकाने फक्त सकाळ पाहिलेली असते.

या भागात जेवण म्हणजे तांदूळ. दुपारी भात, रात्री पुन्हा भात नाहीतर तांदळाची भाकरी. साखर चढते ती त्यानंतर. म्हणून ती आटोक्यात नसलेल्यांनी घरच्या ग्लुकोमीटरवर जोडीने मोजावी: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. एक दिवस दुपारचे जेवण धरावे, दुसऱ्या खेपेला रात्रीचे. पट्ट्या स्वस्त नाहीत; त्या रोज सकाळीच मोजण्यात संपवू नयेत. साधारणपणे जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत असावी. वृद्धांना डॉक्टर थोडी सूट देतात. भात निम्मा करून डाळ-भाजी वाढवावी आणि पुन्हा जोडी मोजावी. जो फरक दिसतो, तो डॉक्टरांच्या उपदेशापेक्षा लवकर पटतो. नुसते आकडे वहीत लिहून साखर उतरत नाही.

लावणीच्या दिवसांत धोका उलटा असतो. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळीच चिखलात उतरायचे आणि जेवायला दुपार टळून जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी कामाचा थकवा समजून अंगावर काढले जाते. ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, मग जेवावे. मशीन घरी राहिले असेल तर आधी साखर खावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये. १०८ ला फोन करावा. नंतर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंब्याचा रस बोटाला लागलेला असला, तरी आकडा भलताच चढतो. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे, विशेषतः पावसाळ्यात; ओलीने त्या बिघडतात. तपासणीला येताना वही आणि मशीन दोन्ही पिशवीत असू द्यावीत.