शास्त्राचा पाठ सर्वांसाठी



शाळेतील शास्त्राचा तास म्हणजे बहुधा फळा, आकृती आणि गुरुजींचे व्याख्यान. ज्या मुलास दिसत नाही त्यास आकृती निरुपयोगी, ज्यास ऐकू येत नाही त्यास व्याख्यान निरुपयोगी. मग दयाबुद्धीने त्यास सांगण्यात येते, ‘बाळ, तू नुसता बसून राहा.’ अशा दयेने ज्ञानाचे दार मात्र बंद होते. पाठातील सिद्धान्त तोच ठेवावा, त्याकडे जाण्याची वाट मुलागणिक बदलावी, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

बारामती व इंदापूर तालुक्यांत यासाठी लागणारे साहित्य शिवारातच मिळते. चारपाच पेरांचे उसाचे टिपरे अंध मुलाच्या हाती द्यावे. बोट फिरविताच प्रत्येक पेराशी त्यास एक डोळा लागतो. पुढचा डोळा कोठे, असे विचारले म्हणजे तो शोधू लागतो. आणि एक डोळा या अंगास तर पुढचा समोरच्या अंगास, हा क्रम त्याचा तोच सांगतो. जन्मभर ऊस खाणाऱ्या पुष्कळ डोळसांनीही हे पाहिलेले नसते. तेच टिपरे मातीत लावून तीनचार आठवड्यांनी फुटलेला कोंभ त्यास चाचपू द्यावा. बियांवाचून रोप कसे होते, हे निराळे सांगावे लागत नाही.

हिवाळ्यात भिगवणकडे, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, रोहित पक्षी येतात. ते दुरून दाखविल्याने या मुलास काय कळणार? त्याच्या वाकड्या चोचीचा आकार मातीत करून हाती द्यावा. मग कण्या मिसळलेले पाणी चहाच्या गाळणीतून ओतावयास सांगावे. पाणी निथळते, कण्या राहतात. चिखलपाण्यातून पक्षी अन्न कसे गाळून घेतो, ते बोटांस समजते.

बहिऱ्या मुलास ध्वनीचा पाठ वगळण्याची चाल आहे. तीही अनाठायी होय. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बसवावे, त्यावर मोहरी पसरावी आणि जवळच हलगी वाजवावी. स्पर्शावाचून मोहरी नाचू लागते. ध्वनी म्हणजे कंप आणि तो हवेतून प्रवास करतो, हे त्या मुलास डोळ्यांनी दिसते. मात्र शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ओठ दिसले पाहिजेत.

ज्यांची आकलनशक्ती मंद आहे, अशांसाठी पाठाचे लहान तुकडे करावे. आज हरभरा भिजविणे, उद्या त्याचे टरफल सोलणे, परवा मोड पाहणे. दररोज एकच कृती, एकच प्रश्न, आणि कृतीचे एक चित्र.

अशी मुले पुढे शास्त्रात काय करणार, असे कोणी विचारील. नेदर्लंड्समध्ये १९४६ साली जन्मलेले गीरात वर्मे तीन वर्षांचे असताना अंध झाले. शंखशिंपल्यांवरील भेगा व त्या भरून आल्याच्या खुणा बोटांनी ओळखून त्यांनी शिकारी प्राणी व शंखधारी जीव यांच्यातील प्राचीन झगड्याचा अभ्यास केला, आणि अमेरिकेतील विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. त्यांच्या बालपणी कोणी त्यांना ‘बसून राहा’ म्हटले असते तर?

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयी २०१६ साली झालेल्या कायद्याच्या सतराव्या कलमात अशा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य बदल करावे असे सांगितले आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, ही उदाहरणे तेथे दिली आहेत. शास्त्रातून सूट हे उदाहरण त्यांत नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तेव्हा पालकांस माझी विनंती अशी की, शाळेतून आलेल्या मुलास ‘आज काय शिकविले?’ एवढेच विचारू नका. ‘आज हाती काय घेतलेस?’ हेही विचारा. उत्तर ‘काही नाही’ असे वारंवार येऊ लागले, तर गुरुजींस जाऊन भेटा. आणि जाताना पिशवीत उसाचे एक टिपरे न्यावयास विसरू नका.