कैद्याला भेटायचं भाडं सरकार देतं

लंडन



इंग्लंडच्या तुरुंगांबद्दल नंदुरबारपर्यंत बातम्या पोहोचतात त्या गर्दीच्या, आणि त्या खऱ्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये जागाच उरली नाही म्हणून बऱ्याच कैद्यांना शिक्षेचा ४० टक्के काळ भरताच सोडावं लागलं. तरी इथली एक सोय आपण उचलावी अशी आहे. कुटुंबाची मिळकत तुटपुंजी असेल, तर कैद्याच्या भेटीला जाण्याचं भाडं सरकार देतं. मुक्काम करावा लागला, तर त्याचा आणि जेवणाचाही खर्च मिळतो.

हा खर्च समाजाच्याच फायद्याचा आहे. कैद्यांच्या कौटुंबिक नात्यांवरच्या लॉर्ड फार्मर यांच्या २०१७ च्या अहवालात न्याय खात्याच्या अभ्यासाचा दाखला आहे: ज्यांना घरचं माणूस भेटायला येतं, त्यांच्यात पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी असतं. सुटल्यावर पहिल्या रात्रीचं छप्पर, ओळखीतून मिळणारं काम आणि वाट चुकू लागली की हक्काने दटावणारा आवाज, हे सारं बहुधा घरच देतं.

कैद्याला घराशी जोडून ठेवणं महाराष्ट्राला नवं नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करू लागले. अलीकडे कारागृहांत ‘गळाभेट’ सुरू झाली आणि मुलांना काचेआडून बोलण्याऐवजी बापाच्या कुशीत शिरता आलं. २०२२ पासून राज्य सहकारी बँकेच्या ‘जिव्हाळा’ योजनेत कैद्याला घरखर्चासाठी ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू लागलं. त्याची फेड तुरुंगातल्या मजुरीतून होते.

पण धडगावच्या पाड्यावरची बाई नाशिकरोड कारागृहापर्यंत जाणार कशी? एसटीत तिला अर्धं तिकीट आहे, तरी मजुरी बुडते ती बुडतेच. त्यात कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं, की भेट महिनोन्‌महिने लांबते. असा माणूस सुटून येतो, तेव्हा लेकरंही त्याला ओळखत नाहीत.

म्हणून कारागृह आणि आदिवासी विकास विभागाने मिळून गरीब कुटुंबांना भेटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्यावी. आणि वाचकहो, शिक्षा भोगून कुणी तुमच्या गावी परतला, तर त्याला घरात घेणाऱ्या आईबापांना नावं ठेवू नका. जमलं तर त्याला काम द्या.