सराव आणि पडताळा

कबड्डीचा डाव अगदी रंगात आलेला असतो. चढाईला गेलेला गडी एका पायावर गर्रकन वळतो, हुलकावणी देऊन मध्यरेषेकडे झेप घेतो आणि तोच गुडघा धरून खाली बसतो. त्याला कोणी ढकललेले नसते, की कोणाची धडक बसलेली नसते. केवळ वळताना पाय मुरगळलेला असतो. पाहणारे हळहळतात आणि म्हणतात, “नशिबाचा खेळ! याला कोण काय करणार?”

खरोखरच याला काही करता येत नाही काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम आपण आपल्या गुडघ्याकडे पाहू या. मांडीचे हाड व नडगीचे हाड गुडघ्यापाशी एकत्र येतात. ती जागच्या जागी राहावीत म्हणून निसर्गाने त्यांना चिवट पट्ट्यांनी बांधून ठेवले आहे. या पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. उडी मारल्यावर खेळाडू ताठ गुडघ्याने जमिनीवर उतरला, किंवा वळताना त्याचा गुडघा आतल्या बाजूस कलला, तर या पट्ट्यांवर मोठा ताण पडतो. तो ताण सोसला नाही म्हणजे अस्थिबंध फाटतो. अशा खेळाडूला पुन्हा मैदानावर उतरण्यास कित्येक महिने लागतात. पुष्कळदा शस्त्रक्रियाही करावी लागते.

दुखापत टाळण्यासाठी पुष्कळ खेळाडू खेळापूर्वी पायांचे स्नायू ताणून काही वेळ तसेच धरून ठेवतात. ही चाल फार जुनी आहे. ‘स्नायू ताणले म्हणजे दुखापत होत नाही’ असे गुरूने शिष्याला सांगावे आणि शिष्याने पुढे आपल्या शिष्याला सांगावे, असे वर्षानुवर्षे चालत आले. पण एखादी गोष्ट पुष्कळांनी सांगितली म्हणून ती खरी ठरते काय? शास्त्रज्ञ म्हणतात, “पडताळून पाहू या.”

असाच एक पडताळा ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सैन्यात नव्याने भरती झालेल्या १,५३८ जवानांचे दोन गट पाडण्यात आले. कोणी कोणत्या गटात जावे हे कोणाच्या आवडीवर सोपवले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ते ठरले. असे का केले असावे बरे? समजा, ज्याला हवे त्याने स्नायू ताणावेत असे सांगितले असते, तर काळजीपूर्वक वागणारे जवान एका गटात गोळा झाले असते. मग दुखापती कमी झाल्या तरी त्या ताणण्यामुळे की काळजीमुळे, हे कळलेच नसते.

दोन्ही गटांतील जवान कवायतीपूर्वी अंग मोकळे करण्याचा व्यायाम करीत. एका गटाने त्याशिवाय पायांचे सहा प्रमुख स्नायूही ताणायचे, एवढाच काय तो फरक. बारा आठवड्यांनंतर पायांच्या दुखापती मोजण्यात आल्या. स्नायू ताणणाऱ्या ७३५ जवानांत १५८ दुखापती झाल्या होत्या, तर न ताणणाऱ्या ८०३ जवानांत १७५. १५८ पेक्षा १७५ ही संख्या मोठी दिसते खरी. परंतु दुसऱ्या गटात जवानही अधिक होते. हिशेब करून पाहा. दर शंभर जवानांमागे दोन्ही गटांत सुमारे बावीसच दुखापती येतात! म्हणजे त्या ताणण्याने दुखापती टळल्या नव्हत्या. स्नायू ताणणे वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. सांधे लवचीक ठेवण्यास त्याचा उपयोग होतो. परंतु दुखापतीपासून रक्षण करण्यास तेवढे पुरेसे नाही.

मग पुरेसे काय आहे? याचा शोध नॉर्वे देशात घेतला गेला. तेथे हँडबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. प्रत्येक संघात सात खेळाडू असतात आणि हाताने चेंडू फेकून गोल करायचा असतो. कबड्डीप्रमाणेच या खेळातही एकाएकी वळावे लागते, उड्या माराव्या लागतात. त्यामुळे गुडघे व घोटे वारंवार दुखावतात. ओस्लो येथील क्रीडा-दुखापत संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १२० हँडबॉल मंडळांतील १,८३७ मुलामुलींचे निरीक्षण केले. ही मुले १५ ते १७ वर्षांची होती. येथेही मंडळांचे दोन गट नशिबावर सोपवून पाडले होते. एका गटाला १५ ते २० मिनिटांचा विशेष पूर्वव्यायाम शिकवण्यात आला. दुसऱ्या गटाने आपला नेहमीचाच सराव चालू ठेवला. दुखापतींची नोंद करणाऱ्यांना मात्र कोणता संघ कोणत्या गटातील आहे हे कळू दिले नव्हते. मनात आधीच ग्रह असला, म्हणजे डोळ्यांनाही हवे तेच दिसते. नोंद निःपक्षपाती व्हावी म्हणून ही दक्षता घेतली होती.

हा पूर्वव्यायाम कसा होता? प्रथम हलके धावणे. मग उडीनंतर गुडघे वाकवून अलगद उतरणे आणि वळताना गुडघा आत न कलू देता पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवणे, यांचा अभ्यास. त्यानंतर मऊ गादीवर किंवा डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळणे आणि शेवटी मांड्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम. यांपैकी काहीही अवघड नव्हते. अशा सरावाने स्नायूंना वेळेवर आवळण्याची सवय लागते आणि अस्थिबंधांवरील भार स्नायू वाटून घेतात.

हंगाम संपल्यावर नोंदवह्या उघडण्यात आल्या. गुडघ्याच्या व घोट्याच्या आकस्मिक दुखापती नेहमीचा सराव करणाऱ्या ८७९ खेळाडूंत ८१ झाल्या होत्या. विशेष पूर्वव्यायाम करणाऱ्या ९५८ खेळाडूंत मात्र केवळ ४८. शंभरामागे नऊ दुखापती व्हायच्या, तेथे पाचच झाल्या. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. पुढे फुटबॉलसाठीही अशाच धर्तीचा व्यायामक्रम तयार करून नॉर्वेतील मुलींच्या संघांत त्याचा पडताळा घेण्यात आला. तेथेही गंभीर दुखापती पुष्कळ कमी झाल्या. आणि जे संघ हा व्यायाम नियमाने करीत, त्यांना त्याचा लाभ अधिक मिळाला. आठवड्यातून कधी तरी आठवण झाली म्हणून करण्याचा हा व्यायाम नव्हे.

विशेष व्यायाम करणाऱ्या गटातही ४८ दुखापती झाल्याच, हे विसरून चालणार नाही. कोणताही व्यायाम म्हणजे अभेद्य कवच नव्हे. खेळताना सांधा सुजला, किंवा पायावर भार देता येईनासा झाला, तर खेळ ताबडतोब थांबवून वडीलधाऱ्यांना सांगावे व वैद्यकीय सल्ला घ्यावा. वेदना लपवून खेळत राहणे हे शौर्य नव्हे.

आता मैदानावर बसलेल्या त्या गड्याकडे पुन्हा पाहू या. त्याची दुखापत टळलीच असती, असे कोणी सांगू शकणार नाही. परंतु रोजची वीस मिनिटे त्याने वळणे, उतरणे व तोल सांभाळणे शिकण्यात घालवली असती, तर ती टळण्याचा संभव पुष्कळ वाढला असता. जे लोक नशिबाला दोष देऊन स्वस्थ बसले नाहीत, ज्यांनी धीराने मोजमाप केले आणि जुन्या समजुतीलाही पुरावा मागितला, त्यांच्यामुळे हे आपल्याला कळले. उद्या मैदानावर उतरण्यापूर्वी आपले गुडघे आठवा, आणि “असेच करायचे असते” असे कोणी सांगितले, तर नम्रपणे विचारा, “हे कोणी पडताळून पाहिले आहे काय?”