फिरत्या बिऱ्हाडाचा दिवा

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. ज्याला एका जागी स्थिर राहावयाचे नाही, त्याचा संसार त्याच्याबरोबरच चालतो, असा तिचा भाव आहे. विदर्भातील लोकांना अशी बिऱ्हाडे नवी नाहीत. कच्छकडून आलेले रबारी पशुपालक मेंढ्यांचे कळप आणि उंट घेऊन येथील रानांतून हिंडत आले आहेत. उंटाच्या पाठीवर खाटा, भांडीकुंडी व लहान मुले घेऊन त्यांचा डेरा एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जातो. पीक निघालेल्या शेतात कळप बसवला की शेतकऱ्याला खत मिळते आणि मेंढ्यांना चारा मिळतो. अलीकडे हौसेने प्रवास करणारी मंडळीही मोटारीतच निजण्याची व रांधण्याची सोय करून चाकांवरचे घर घेऊन बाहेर पडू लागली आहेत. एकाचे हिंडणे पोटासाठी, तर दुसऱ्याचे आनंदासाठी. परंतु दिवस मावळला की दोघांपुढेही एकच प्रश्न उभा राहतो. आता वीज कोठून आणावी?

पूर्वी कंदिलावर भागत असे. आज तेवढ्यावर भागत नाही. रानात मुक्काम असताना मध्यरात्री मूल तापाने फणफणले, किंवा कोणास साप चावला, तर दवाखान्याशी गाठ घालून देणारे साधन म्हणजे खिशातील मोबाईल. त्यातील वीज संपलेली असेल, तर तो असून नसल्यासारखाच. म्हणून फिरत्या बिऱ्हाडातील वीज ही चैनीची वस्तू राहिलेली नाही.

नागपूरच्या नैर्ऋत्येस हिंगणा हे तालुक्याचे गाव आहे. त्याच्या एका अंगाला मोठी औद्योगिक वसाहत, तर दुसऱ्या अंगाला कापूस, तूर व सोयाबीन यांची शेते पसरलेली आहेत. अशा एखाद्या शेताच्या बांधावर चाकांवरचे एक घर येऊन थांबले आहे, अशी कल्पना करा. कारखान्यांना वीज नेणाऱ्या तारा डोक्यावरून जात आहेत; पण या घराला मीटर नाही आणि जोडणीही नाही. त्याने आपली वीज आपणच मिळवली पाहिजे. डोक्यावर जर काही उदार दाता असेल, तर तो सूर्य होय.

सूर्यप्रकाशापासून वीज मिळते, ही गोष्ट एकाएकी कळलेली नाही. प्रकाशामुळे विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊ शकतो, हे फ्रान्समधील एदमाँ बेकरेल या तरुणाने 1839 साली दाखवून दिले. त्या वेळी त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. परंतु उपयोगी पडेल असा सौरघट तयार होण्यास पुढे शंभरांहून अधिक वर्षे लागली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी 1954 मध्ये सिलिकॉनचा सौरघट सिद्ध केला. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 6 टक्के भागाचीच वीज होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या सौरफलकात हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास असते.

या घटाचे कार्य समजण्यास कठीण नाही. सिलिकॉनच्या पातळ चकतीत दोन भिन्न गुणांचे थर असतात. प्रकाश पडला की आतील इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि दोन थरांच्या सीमेवरील विद्युत्क्षेत्र त्यांना एकाच दिशेने ढकलते. हीच वीज. एका घटापासून जेमतेम अर्धा व्होल्ट दाब मिळतो; म्हणून 36 घट एकापुढे एक जोडून त्यांचा एक फलक बनवितात. लोक त्याला 'सोलर प्लेट' म्हणतात. असा फलक भर उन्हात सुमारे 18 व्होल्ट दाब देतो, आणि 12 व्होल्टची बॅटरी भरण्यास तेवढा पुरतो.

मात्र सूर्य देतो दिवसा आणि आपल्याला दिवा लागतो रात्री. येथे बॅटरीची आवश्यकता भासते. नळाला पाणी थोडाच वेळ येते म्हणून आपण घरात रांजण भरून ठेवतो. बॅटरी हा तसाच विजेचा रांजण आहे. रांजण ओसंडून वाहू नये आणि तळापर्यंत रिकामाही होऊ नये, हे पाहणारा एक रखवालदार फलक व बॅटरी यांच्यामध्ये बसवितात. त्याला चार्ज कंट्रोलर असे म्हणतात. बॅटरी भरली की तो प्रवाह आवरतो. चांगला कंट्रोलर बॅटरी फार उतरली की दिवे-पंखे बंद करून तिचे रक्षणही करतो.

या योजनेचे महत्त्व एका लहानशा उपग्रहाने जगाला पटवून दिले. 17 मार्च 1958 रोजी अमेरिकेने 'व्हॅनगार्ड 1' नावाचा उपग्रह आकाशात सोडला. त्याचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम होते. त्यात संदेश पाठविणारी दोन यंत्रे होती. एक केवळ बॅटरीवर चालणारे, तर दुसरे सौरघटांवर. बॅटरीवरचे यंत्र त्याच वर्षी जूनमध्ये मुके झाले. सौरघटांवरचे यंत्र मात्र 1964 पर्यंत बोलत राहिले. ज्याला वाटेत कोठेही शिदोरी मिळणार नाही, त्या प्रवाशाने सूर्याशी नाते जोडावे, हाच त्याचा अर्थ.

आता आपल्या बांधावरील घराचा जमाखर्च मांडून पाहू. विजेचा खर्च 'वॅट-तास' या मापाने मोजतात. 5 वॅटचा दिवा 4 तास जळला, तर 20 वॅट-तास खर्च झाले. घरात असे दोन दिवे असले, तर 40. दोन मोबाईल भरण्यास 30. दोन वॅटचा रेडिओ 5 तास चालला, तर 10. पंधरा वॅटचा लहान पंखा रात्रभर, म्हणजे 8 तास फिरला, तर 120. मुलांच्या अभ्यासासाठी 50 वॅटचा लॅपटॉप 2 तास चालला, तर 100. एकूण खर्च 300 वॅट-तास झाला.

जमेची बाजू अशी आहे. नागपूरच्या परिसरात वर्षाची सरासरी काढली, तर दिवसाला सुमारे 5 तास पूर्ण प्रखर उन्हाइतका प्रकाश मिळतो. शंभर वॅटचा फलक ठेवला, तर हिशेबाने 500 वॅट-तास हाती यावेत. परंतु उष्णता, धूळ, तारा आणि बॅटरी यांत मिळून सुमारे 30 टक्के वाया जाते, असे धरून चालावे. उरतात 350. म्हणजे दिवसाचा खर्च भागून थोडी शिल्लक राहते. साठ्यासाठी 12 व्होल्ट व 100 अँपियर-तास क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी घेतली, तर तिच्यात 1200 वॅट-तास मावतात. पण ती निम्म्याहून अधिक उतरू दिली, तर लवकर निकामी होते. म्हणून वापरण्याजोगे 600, म्हणजे दोन दिवसांची बेगमी. लिथियम लोह फॉस्फेटची तेवढीच बॅटरी महाग पडते. पण ती अधिक खोलवर वापरता येते आणि वजनाला पुष्कळच हलकी असते. फिरत्या घराला हा गुण मोलाचा वाटतो.

येथे नागपूरकडील उन्हाचा एक चमत्कार सांगितला पाहिजे. मे महिन्यात या भागात पारा 45 अंशांच्या वर चढतो. इतके ऊन म्हणजे विजेचा सुकाळ, असे सहज वाटते. परंतु फलकाला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. फलकावर लिहिलेली शक्ती घटाचे तापमान 25 अंश असताना मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशामागे सुमारे 0.4 टक्के शक्ती घटते. मेच्या दुपारी घट 65 अंशांपर्यंत तापला, तर 40 अंशांची वाढ झाली. म्हणजे 16 टक्के शक्ती गेली आणि 100 वॅटचा फलक 84 वॅटवर आला. म्हणून फलक गाडीच्या टपाला चिकटवून न बसविता खाली वारा खेळेल एवढी पोकळी ठेवतात.

बॅटरीला तर उष्णता फलकाहूनही अधिक बाधते. शिसे-आम्लाची बॅटरी नेहमीपेक्षा 10 अंश अधिक तापत राहिली, तर तिचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. तेव्हा उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत तिची काय दशा होत असेल, याचा विचार करावा. येथे प्रवाशापुढे पेच पडतो. फलकाला ऊन हवे. बॅटरीला आणि माणसांना सावली हवी. त्यावर उपाय साधा आहे. बिऱ्हाड आंब्याच्या सावलीत उभे करावे आणि फलक जाड तारेने जोडून उघड्यावर, दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे 21 अंश तिरपा ठेवावा. कारण हिंगणा जवळपास तेवढ्याच अक्षांशावर आहे. तार बारीक असली, तर वाटेतच दाब पडतो. फलकावर फांदीची सावली पडू देऊ नये. सर्व घट साखळीसारखे जोडलेले असल्यामुळे एका घटावरील सावलीने सगळ्यांचाच प्रवाह अडू शकतो.

पावसाळ्यात परीक्षा निराळी असते. आभाळ दिवसभर भरून राहिले, तर मिळकत चौथ्या हिश्शावर येते. 350 ऐवजी जेमतेम 87 वॅट-तास हाती लागतात. अशा वेळी दिवे, मोबाईल आणि रेडिओ यांचे 80 वॅट-तास तेवढे भागतात. पंखा आणि लॅपटॉप यांना सुट्टी द्यावी लागते. अगोदर गरजेचे, मग सोयीचे, असा क्रम ज्याने ठरवून ठेवला आहे, त्याच्या घरी झडीतही दिवा जळतो. ज्याने पहिल्याच रात्री साठा उधळला, तो दुसऱ्या रात्री अंधारात बसतो.

आणखी काही नियम पाळणे हिताचे असते. गाडीचे इंजिन सुरू करणारी बॅटरी घरखर्चासाठी वापरू नये. नाहीतर रात्री पंखा फिरेल, पण सकाळी गाडी हलणार नाही. बॅटरीजवळच योग्य फ्यूज बसवावा, म्हणजे तारा एकमेकींना भिडल्या, तरी आग लागणार नाही. शिसे-आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून तिची जागा हवेशीर असावी आणि जवळ चूल पेटवू नये. शक्य तेथे 12 व्होल्टवरच चालणारे दिवे व पंखे घ्यावेत. इन्व्हर्टरने दाब 230 व्होल्टपर्यंत चढवावयाचा आणि मोबाईलसाठी पुन्हा 5 व्होल्टपर्यंत उतरवावयाचा, यात दोन्ही वेळा वीज वाया जाते.

हे सारे केवळ कागदावरचे गणित नव्हे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये सौरऊर्जेचे प्राध्यापक असलेले चेतनसिंग सोळंकी हे नोव्हेंबर 2020 मध्ये 'ऊर्जा स्वराज यात्रे'साठी घर सोडून निघाले. एका बसलाच त्यांनी आपले घर केले. 2030 पर्यंत घरी परतावयाचे नाही, असा त्यांचा संकल्प होता. त्या बसवर 3.2 किलोवॅटचे सौरफलक आणि आत 6 किलोवॅट-तासांचा विजेचा साठा बसविलेला होता. आपण बांधावरच्या घरासाठी काढलेल्या रोजच्या खर्चाच्या हा साठा वीसपट भरतो. निजणे, स्वयंपाक, लेखन आणि लोकांशी विचारविनिमय ही सगळी कामे त्याच बसमध्ये चालत. विजेचा वापर आधी टाळता येईल तेवढा टाळा, मग कमी करता येईल तेवढा कमी करा आणि उरलेली वीज आपल्या ठिकाणीच निर्माण करा, हे ते गावोगावी सांगत गेले.

पक्क्या घरात राहणाऱ्यांनी या फिरत्या बिऱ्हाडापासून एक गोष्ट शिकावी. भिंतीवरील बटण दाबले की वीज येते. ती कोठून आली आणि किती गेली, हे कोणी विचारीत नाही. महिन्याच्या अखेरीस बिल हाती पडते, तेव्हाच तिची आठवण होते. चाकांवरच्या घरातील मुलाला मात्र आज ऊन किती पडले, रांजणात किती साठले आणि त्यातून उद्यासाठी किती राखावयाचे, हे दररोज संध्याकाळी ठाऊक असते. आपणही एक दिवस आपल्या घरातील दिव्यांचा, पंख्यांचा आणि यंत्रांचा वॅट-तासांचा हिशेब वहीत मांडून पाहावा. कोणता दिवा रिकाम्या खोलीत उगाच जळत होता, हे त्या वहीत स्वच्छ दिसेल.