आमच्या डोंगरात बर्फ पडतो का?

गेल्या वर्षी प्रथम वर्षाला प्रवेश घेऊन मी नंदुरबारच्या वसतिगृहात राहायला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात माझ्या वाट्याला थोडा मोठेपणा आला. सातपुड्यात बर्फ पडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली होती. तोरणमाळ आणि डाब ही नावे ठळक अक्षरांत छापली होती व सोबत पांढऱ्या पडलेल्या गवताचे छायाचित्र होते. खोलीतल्या मैत्रिणींनी ते पान माझ्यापुढे धरून विचारले, "तुझं गाव याच बाजूला ना? खरंच बर्फ पडतो का गं तुमच्याकडे?"

अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या पलीकडे डोंगरात आमचा पाडा आहे. तेथून महाविद्यालयात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. शहरातल्या मुलींना सांगण्यासारखे माझ्याजवळ काही आहे, असे त्या दिवशी प्रथमच वाटले. मी मान ताठ करून म्हटले, "पडतो तर!"

हे उत्तर चुकीचे होते. ते चुकीचे का होते, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

त्या शनिवारी मी घरी गेले. लहान भावाने कोणाच्या तरी मोबाइलवर मनालीचा बर्फ पाहिला होता. आकाशातून कापसासारखा बर्फ पडतो आणि मुले त्याचे गोळे करून एकमेकांना मारतात, हे त्याच्या डोक्यात पक्के बसले होते. रात्री चुलीपाशी बसून आम्ही दोघांनी इच्छा केली की उद्या बर्फ पडू दे. आजी दारात जाऊन आभाळ पाहून आली. चांदण्या अगदी ठळक दिसत होत्या, वारा पडला होता. "आज हिव पडेल," एवढेच ती बोलली आणि तिने गोधडी ओढून घेतली. बाबा मात्र बराच वेळ जागे होते.

सकाळी भावाने मला हाक मारून उठवले. नाल्याकाठचा आमचा हरभऱ्याचा तुकडा पांढरा झाला होता. गवताच्या पातीपातीवर, बांधावरच्या काड्यांवर, बैलगाडीच्या जोखडावर पांढरा थर होता. आम्ही तो बोटांनी खरवडून थाळीत गोळा केला, एकमेकांच्या मानेवर लावला, हसलो. बाबा बांधावर उभे होते. ते आमच्यावर रागावले नाहीत. काही बोललेही नाहीत. ऊन वर आले तसा थर विरघळला आणि दुपारपर्यंत हरभऱ्याचे शेंडे उकळते पाणी ओतल्यासारखे काळे पडले. फुले गळून गेली. त्या हरभऱ्याच्या पैशांतून माझा परीक्षेचा अर्ज आणि वसतिगृहाचा पुढचा खर्च निघायचा होता. बाबांनी ते पैसे पुढे मजुरीला जाऊन उभे केले. ज्या गोष्टीसाठी मी रात्री इच्छा केली, तीच सकाळी आमच्या शेतावर आली होती.

परत आल्यावर मी भूगोलाच्या सरांना विचारले, "सर, आमच्याकडे पडतो तो बर्फ कोणता?" सर म्हणाले, "पडतो असं कोणी सांगितलं? तो पडत नाही, तो तिथेच तयार होतो." हा फरक समजून घेण्यात माझे पुढचे काही दिवस ग्रंथालयात गेले.

आपण मराठीत तीन निरनिराळ्या गोष्टींना सर्रास बर्फ म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. पहिली गोष्ट हिम. ढगातील बाष्पापासून उंच आकाशातच षट्कोनी स्फटिक तयार होतात, ते एकमेकांना चिकटतात आणि भुरभुरत खाली येतात. दुसरी गोष्ट गारा. वादळी ढगात वर जाणारे हवेचे प्रवाह थेंबांना गोठणाऱ्या थरात उचलून नेतात, त्यांच्यावर बर्फाची पुटे चढतात आणि वजन पेलेनासे झाले की ते कोसळतात. आकाशातून पडणारा बर्फ महाराष्ट्राला माहीत आहे तो या गारांच्या रूपाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यभर केलेला नाश अनेकांना आठवत असेल. तिसरी गोष्ट म्हणजे गोठलेले दव, ज्याला जुने लोक दहिवर किंवा हिव म्हणतात. हे ढगातून येत नाही. जमिनीलगतच्या हवेतील बाष्प थंड पानावर जमते आणि तेथेच गोठते. किंवा पाणी न होता थेट बर्फाच्या बारीक सुया बनून पानावर बसते. आमच्या हरभऱ्यावर आले ते हे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात २०१८ च्या डिसेंबरअखेर जे हिमकण दिसले, तेही हेच.

हे दव गोठते कसे? दिवसा जमीन सूर्याची उष्णता घेते आणि रात्री ती आकाशाकडे परत टाकते. आकाशात ढग असतील तर ते ही उष्णता अडवून तिचा बराच भाग खाली परत पाठवतात, म्हणजे पृथ्वीवर गोधडीच पडते. आभाळ निरभ्र असेल तर गोधडी नाही. शिवाय हवा कोरडी असेल आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगतचा थर झपाट्याने थंड होतो. वारा असता तर त्याने वरची उबदार हवा खाली ढवळली असती. म्हणूनच जी रात्र चांदण्यांनी सर्वांत सुंदर दिसते, ती पिकाला सर्वांत वाईट. माझ्या आजीने हे कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. दारातून एकदा वर पाहून तिला ते कळत होते.

वर्तमानपत्रात तापमान चार किंवा पाच अंश छापलेले असते, मग पाणी गोठते कसे, असा प्रश्न मला पडला होता. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. निरभ्र, शांत रात्री गवताच्या पातीवरचे तापमान त्या पेटीतल्यापेक्षा काही अंशांनी कमी असते. पेटीत चार अंश असताना गवतावर शून्य होऊ शकते, आणि पिकाला तर गवताच्याच पातळीवर राहावे लागते.

आणखी एक गोष्ट. आमचे घर टेकडीच्या उतारावर आहे. त्या सकाळी घराच्या अंगणात पांढरे काहीच नव्हते. खाली नाल्याकाठी सर्व पांढरे. उंचावर जास्त थंडी हवी, असे आपण शिकतो. ते खरेच आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते. नंदुरबार शहर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, तर तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास आहे. म्हणजे शहरात दहा अंश असतील तर तोरणमाळला चार असणे स्वाभाविक. परंतु थंड हवा जड असते. शांत रात्री ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खोलगट जागी साचते. आमचा सर्वांत चांगल्या मातीचा तुकडा खोलगट जागी आहे. म्हणून नुकसान झाले ते त्याचेच.

आता मुख्य प्रश्न. थंडी इतकी आहे, तर खरे हिम का पडत नाही? त्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: भरपूर बाष्प असलेले ढग, आणि ढगापासून जमिनीपर्यंत शून्याच्या आसपास किंवा त्याखाली असलेली हवा. आपल्याकडे या दोघी बहिणी एका घरात नांदत नाहीत. उत्तरेकडून कोरडे वारे येतात तेव्हा कडाक्याची थंडी पडते, पण आभाळ स्वच्छ असते. हिमालयात हिम आणणाऱ्या पश्चिमी चक्रावातांमुळे कधी आपल्याकडेही ढग येतात, पण ढग आले की रात्र उबदार होते आणि पडला तर पाऊस पडतो. थंडी देणारे आभाळ हिम देऊ शकत नाही, आणि ढगाळ आभाळ थंडी टिकू देत नाही.

यावर सरांनी आयर्लंडचे उदाहरण दिले. तो देश आपल्यापेक्षा खूप उत्तरेला, ५१ ते ५५ अक्षांशांच्या दरम्यान आहे. तेथे हिम सहज पडत असेल असे मला वाटले होते. पण त्याच्या पश्चिमेला अटलांटिक महासागर आहे. बाष्प येते ते बहुधा पश्चिमेकडून, सौम्य हवेबरोबर, आणि त्याचा पाऊस होतो. तीव्र थंडी बहुधा पूर्वेकडून, तुलनेने कोरड्या हवेबरोबर येते, तेव्हा अनेकदा नुसतेच दव गोठते. थंडीची लाट आली की तेथेही माणसे हिमाची वाट पाहतात आणि पुष्कळदा निराश होतात. २०१८ च्या मार्चच्या आरंभी पूर्वेची थंडी आणि दक्षिणेकडून आलेले वादळ यांची गाठ पडली, तेव्हा मात्र त्या देशात मोठा हिमवर्षाव झाला. आमच्या पाड्यावरचा माझा भाऊ आणि तेथला एखादा मुलगा एकाच गोष्टीसाठी आभाळाकडे पाहत असतील, हे वाचून मला गंमत वाटली.

मग सातपुड्यावर हिम पडायला काय हवे? हवाई बेटांवर मौना किया नावाचा पर्वत आहे. तो आपल्यापेक्षाही विषुववृत्ताच्या जवळ, वीस अक्षांशाच्या किंचित अलीकडे आहे. तरी त्याच्या माथ्यावर हिवाळ्यात हिम पडते, कारण त्याची उंची ४,२०७ मीटर आहे. आमचा अस्तंभा, जेथे दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा भरते, तो सुमारे १,३२५ मीटर. म्हणजे अस्तंभ्यावर आणखी दोन अस्तंभे रचावे लागतील! हे गणित मी भावाला सांगितले तेव्हा तो थोडा वेळ डोंगराकडे पाहत राहिला.

आता पिकाविषयी. थंडीने पीक जळले, असे आपण म्हणतो. थंडीने जळणार कसे, असे शहरातल्या मैत्रिणीने मला विचारले होते. पानाच्या पेशींमध्ये आणि पेशींच्या भोवती पाणी असते. ते गोठले की बर्फाचे स्फटिक पेशींना फाडतात आणि त्यांच्यातले पाणी ओढून घेतात. ऊन लागले की फाटलेल्या पेशींतला रस बाहेर येतो आणि पान काळे पडते. उकळत्या पाण्याने पोळलेले पानही असेच दिसते, तेव्हा 'जळले' हा शब्द खोटा नाही.

उपाय साधा आहे, आणि तो कृषी खातेही सांगते: थंडीची लाट असताना पिकाला संध्याकाळी हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. शिवाय पाणी गोठताना स्वतःजवळची उष्णता बाहेर टाकते. एक ग्रॅममागे ८० कॅलरी. बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करण्याची पद्धतही जुनी आहे.

या हिवाळ्यात मी हे बाबांना सांगितले. वहीत आकृती काढून दाखवली. बाबांना अक्षरे येत नाहीत, पण आकृती त्यांनी नीट पाहिली आणि विचारले, "पाणी दिलं तर थंडी वाढणार नाही?" मी कारण सांगितले. मग एका संध्याकाळी, आजीने चांदण्या पाहून सांगितल्यावर, आम्ही नाल्यावरून आणलेला पाट खालच्या तुकड्यात फिरवला. पाणी अर्ध्याच तुकड्याला पुरले. उरलेल्या अर्ध्याच्या बांधावर आम्ही आळीपाळीने धूर करीत बसलो. तो सरळ वर निघून गेला. सकाळी दोन्ही अर्ध्यांच्या कडेला पांढरे होते. चार दिवसांनी ओल्या अर्ध्यातला बराचसा हरभरा हिरवा होता, कोरडा अर्धा गेला होता. बाबा दोन्हींच्या मधल्या सरीवर उभे राहून म्हणाले, "पुढच्या वर्षी पाट आधी रुंद करू."

मी महाविद्यालयात काय शिकते, हे त्यांनी मला आजवर कधी विचारले नव्हते. त्या दिवशी जेवताना विचारले.

वर्तमानपत्रात पुन्हा 'सातपुड्यात बर्फ' अशी बातमी येईल. फिरायला येणाऱ्यांनी जरूर यावे, पांढरे गवत पाहावे. ते दिसते सुंदरच. फक्त जवळ एखादे शेत असेल तर त्याच्या बांधावर कोण उभे आहे, तिकडेही एकदा पाहावे. मला आणि भावाला अजूनही खरे हिम पडताना पाहायचे आहे. त्यासाठी आम्ही कधी तरी हिमाचलला जाऊ. आमच्या नाल्याकाठी ते यावे, अशी इच्छा मात्र आता आम्ही करीत नाही. मैत्रिणींनी पुन्हा विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे: आमच्याकडे बर्फ पडत नाही, आमच्याकडे दव गोठते.

— द्वितीय वर्ष, कला