फीचा हिसाब गल्ल्यावरच ठरतो

सीईटीचे मार्क हाती आले की अमरावती-अकोल्याच्या कापड बाजारात एकच चर्चा सुरू होते. पोराचा नंबर तर लागला, पण फी कशी भरायची? मग कोणीतरी म्हणतो, "अरे भाई, स्कॉलरशिप आपल्यासारख्यांना कुठे मिळते, ती ओळखीवाल्यांची." आम्हीही बरीच वर्षे असेच बोलत होतो. पण आता आमचे मत वेगळे आहे. व्यापाऱ्याच्या मुलाची सवलत बुडते ती पुष्कळदा आपल्याच कागदांमुळे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या भागातली बहुतेक कॉलेजे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात. पण कोणाला किती फी माफ करायची हे बहुतांशी विद्यापीठ ठरवत नाही, राज्य शासनाच्या योजना ठरवतात. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, कॉलेजने कागद तपासायचे, संबंधित खात्याने मंजुरी द्यायची आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात यायची. कॉलेजच्या बाबूला दया आली तरी तो आकडा बदलू शकत नाही.

अमेरिकेत बरीच विद्यापीठे स्वतः हिसाब मांडतात. वर्षाचा एकूण खर्च घ्यायचा, त्यातून त्या घराची ऐपत वजा करायची, उरेल ती गरज. आपल्या आयआयटीत वर्षाची शिकवणी फी 2 लाख आहे. घरचे उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ होते, 1 ते 5 लाख असेल तर दोन-तृतीयांश. म्हणजे तिथे निदान पायऱ्या आहेत. राज्याच्या फी-सवलतीच्या बऱ्याच योजनांत मात्र एकच उंबरठा आहे, 8 लाखांचा. अलीकडे असलात तर सवलत, हजार रुपयांनी पलीकडे गेलात तर काही नाही.

खुल्या प्रवर्गातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमात तिच्यातून निम्मी शिकवणी फी मिळते. मुलींसाठी शासनाने 2024-25 पासून मोठे पाऊल उचलले. 8 लाखांच्या आतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात पूर्ण शिकवणी फी माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरून जागा घेतली की सवलतीचा दरवाजा बंद.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. वर्षाला 60 लाखांचे कापड विकणारा दुकानदार घाबरून अर्जच भरत नाही. पण आयकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत छोट्या व्यापाऱ्याला रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के नफा दाखवायचा असतो. 60 लाखांची सगळी विक्री रोखीची धरली तरी 8 टक्क्यांनी 4 लाख 80 हजार होतात. खरा नफा याहून जास्त असेल तर जास्तच दाखवावा, पण विक्रीच्या आकड्याला घाबरण्याचे कारण नाही.

आमच्या घरी उलटे झाले. बँकेतून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यायची होती. कोणीतरी सल्ला दिला, रिटर्नमध्ये उत्पन्न फुगवा, बँक खूश होईल. आम्ही 9 लाखांच्या वर दाखवले. बँक खूश झाली. त्याच वर्षी धाकट्याला इंजिनीअरिंगला जागा मिळाली. तहसीलच्या दाखल्यासाठी तेच रिटर्न जोडावे लागले. ज्या कागदाने कर्ज मिळाले त्याच कागदाने सवलत गेली. दोष कोणाला देणार? चार वर्षे निम्मी फी जास्त भरली आणि वर फुगवलेल्या नफ्यावरचा करही भरला.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. खरे उत्पन्न लपवून कमी रकमेचा दाखला काढणारे आपल्यात आहेत. पकडले गेले तर रक्कम परत करावी लागते आणि मुलाच्या शिक्षणावर डाग येतो. बँकेला एक, आयकराला दुसरा आणि कॉलेजला तिसरा आकडा, हा धंदा आता चालत नाही.

कारागीर बांधवांची अडचण निराळी आहे. शिंपी, पिंजारी, विणकर यांच्याकडे रिटर्नच नसते. त्यांना तलाठ्याच्या चौकशीवर दाखला मिळतो आणि त्याला वेळ लागतो. शिवाय मोमीन, पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी या बिराद्‌ऱ्या राज्याच्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत. पण शाळेच्या जुन्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा उर्दू शाळेतला दाखला, जुनी नोंद, खरेदीखत, जे असेल ते आजच पेटीतून काढा. निकाल लागल्यावर धावपळ करून हे काम होत नाही.

म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमची विनंती आहे. मूल दहावीत गेले की घरची कागदपत्रे तपासा. रोजची विक्री वहीत लिहा, रिटर्न खरे आणि वेळेवर भरा, उत्पन्नाचा दाखला जूनच्या गर्दीआधी काढा, मुलाचे खाते आधारशी जोडून घ्या. मीटर मोजताना आपण एक इंचाची चूक होऊ देत नाही. मुलांच्या तालीमचा हिसाब तितक्याच काळजीने मांडायला हवा.